मादाम क्युरी आणि रणांगणावरचे क्ष-किरण

रेडियमच्या शोधाने अजरामर झालेल्या मेरी क्युरी यांचा बळी रेडियमनेच घेतला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मात्र १९९५ मध्ये त्यांची शवपेटी तपासण्यात आली आणि तज्ज्ञांचे लक्ष त्यांच्या आयुष्यातील एका वेगळ्याच पर्वाकडे वळले. ते पर्व होते पहिल्या महायुद्धातील चार वर्षांचे. क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहून जखमी सैनिकांच्या शरीरातील गोळ्या काढल्या जात असताना त्या शल्यविशारदांच्या शेजारी उभ्या राहिल्या होत्या.

पॅरिसच्या दक्षिणेस असलेल्या सो या गावातील दफनभूमीत १९९५ च्या वसंत ऋतूत एक कबर उघडण्यात आली. तेथे विसावलेले मेरी क्युरी आणि त्यांचे पती पिएर यांचे अवशेष पॅरिसमधील पॅन्थेऑन या राष्ट्रीय स्मारकात हलवायचे होते. एरवी अशा कामासाठी पुरोहित आणि अधिकारी पुरेसे असतात. या वेळी मात्र फ्रान्सच्या किरणोत्सर्ग संरक्षण कार्यालयाचे तज्ज्ञ मोजमापाची उपकरणे घेऊन हजर होते. आयुष्यभर रेडियम हाताळणाऱ्या स्त्रीची शवपेटी उघडणे धोक्याचे ठरेल काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता.

शवपेटीला आतून शिशाचे अस्तर असल्याचे आढळले. परंतु आतील किरणोत्सर्गाचे प्रमाण अपेक्षेहून बरेच कमी निघाले. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचे आहे. साठ वर्षांत त्यात जेमतेम दोन-तीन टक्के घट होते. शरीरात प्राणघातक प्रमाणात रेडियम साठले असते, तर त्याचा माग तेथे सापडायला हवा होता. तो सापडला नाही. तेव्हा मादाम क्युरी यांच्या जीवघेण्या रक्तविकाराचे मूळ रेडियमपेक्षा युद्धकाळात अंगावर घेतलेल्या क्ष-किरणांत असण्याची शक्यता अधिक आहे, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी मांडला. हा तर्क आहे, अंतिम निवाडा नव्हे. मात्र या तर्कामुळे त्यांच्या चरित्रातील एरवी चार ओळींत उरकले जाणारे एक पान नव्याने वाचावे लागते.

वॉर्सातील मान्या

मारिया स्क्लोडोव्स्का यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजी पोलंडमधील वॉर्सा येथे झाला. घरात त्यांना लाडाने मान्या म्हणत. पोलंडचा हा भाग त्या वेळी रशियाच्या झारच्या अमलाखाली होता. वडील गणित आणि भौतिकशास्त्राचे शिक्षक, तर आई मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. थोरली बहीण झोफिया १८७६ मध्ये ज्वराने गेली आणि दोन वर्षांनी क्षयाने आईही गेली. दहा वर्षांच्या मान्याने हे दोन्ही आघात पचवले. १८८३ मध्ये ती शाळेतून सुवर्णपदक घेऊन बाहेर पडली.

वॉर्सा विद्यापीठाची दारे मुलींना बंद होती. परदेशी शिकायला जाण्याइतका पैसा घरात नव्हता. तेव्हा मान्या आणि तिची मोठी बहीण ब्रोन्या यांनी आपसांत एक करार केला. ब्रोन्याने आधी पॅरिसला जाऊन वैद्यक शिकायचे आणि मान्याने नोकरी करून तिला पैसे पाठवायचे, पुढे ब्रोन्याने मान्याला हात द्यायचा. त्यानुसार मान्याने अनेक वर्षे श्रीमंतांच्या घरी मुलांची शिक्षिका म्हणून काम केले. १८९१ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ती पॅरिसला पोहोचली आणि सोरबॉन विद्यापीठात तिने मेरी या नावाने प्रवेश घेतला. १८९३ मध्ये भौतिकशास्त्राच्या पदवीत तिने पहिला, तर पुढच्या वर्षी गणितात दुसरा क्रमांक मिळवला.

२६ जुलै १८९५ रोजी पिएर क्युरी या शास्त्रज्ञाशी त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मनीत विल्हेल्म रोंटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. पुढील वर्षी हेन्री बेक्वेरेल यांना युरेनियमच्या क्षारांतून आपोआप बाहेर पडणारे किरण आढळले. मेरी यांनी संशोधनासाठी बेक्वेरेल यांच्या किरणांचा विषय निवडला. रोंटजेन यांच्या किरणांशी त्यांची गाठ पडायला आणखी १९ वर्षे जायची होती.

शेडमधील तप

पुढील इतिहास सर्वपरिचित आहे. १८९८ मध्ये क्युरी दांपत्याने पोलोनियम आणि रेडियम या दोन नव्या मूलद्रव्यांचे अस्तित्व जाहीर केले. गळक्या छपराच्या एका शेडमध्ये मेरी यांनी काही टन पिचब्लेंड उकळून, गाळून, ढवळून १९०२ मध्ये ग्रॅमच्या एक दशांश इतका शुद्ध रेडियम क्लोराइड वेगळा केला. १९०३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक बेक्वेरेल आणि क्युरी पती-पत्नींना विभागून मिळाले. १९ एप्रिल १९०६ रोजी पॅरिसच्या रस्त्यावर एका घोडागाडीखाली सापडून पिएर यांचा अंत झाला. इरीन आणि इव्ह या दोन लहान मुलींना घेऊन मेरी यांनी संशोधन आणि पिएर यांचे अध्यापन पुढे चालवले. १९११ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

किरणांचा दाह त्या काळी अज्ञात नव्हता. पिएर यांनी स्वतःच्या दंडावर रेडियम बांधून पडलेल्या जखमेची शास्त्रीय नोंद १९०१ मध्ये प्रसिद्ध केली होती. मेरी यांच्या बोटांची टोके कडक आणि वेदनामय झाली होती. तिकडे अमेरिकेत थॉमस एडिसन यांचा सहकारी क्लॅरेन्स डॅली क्ष-किरणांच्या नळ्या आपल्याच हातांवर तपासत असे. त्याचे हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये तो मरण पावला. या प्रकाराने हादरलेल्या एडिसन यांनी क्ष-किरणांचे काम सोडून दिले. पुढील काही वर्षांत या किरणांचा रक्तावरही परिणाम होतो, अशा नोंदी वैद्यकात येऊ लागल्या. तथापि हे दुर्दैव निष्काळजी माणसांच्या वाट्याला येते, असाच बहुतेकांचा समज होता.

युद्धाला तोंड फुटले

पॅरिसमधील रेडियम इन्स्टिट्यूटची इमारत १९१४ च्या उन्हाळ्यात उभी राहिली आणि ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले. प्रयोगशाळेतील तरुण आघाडीवर गेले. जर्मन फौजा पॅरिसच्या दिशेने सरकू लागल्या, तेव्हा सरकारच्या सूचनेवरून मेरी यांनी देशातील बहुमोल एक ग्रॅम रेडियम शिशाच्या जड पेटीत घालून रेल्वेने बोर्दोला नेले, तेथील सुरक्षित ठिकाणी ठेवले आणि त्या लगेच पॅरिसला परतल्या. आपली नोबेल सुवर्णपदके वितळवण्यासाठी देण्याची तयारीही त्यांनी दाखवली, पण बँकेने ती घेण्यास नकार दिला. मग पारितोषिकाची शिल्लक रक्कम त्यांनी युद्धकर्जात गुंतवली.

परंतु त्यांच्या मनाला डाचत होती ती वेगळीच गोष्ट. तोफगोळ्यांच्या लोखंडी कपच्या आणि बंदुकीच्या गोळ्या जखमींच्या शरीरात खोल रुतून बसत. त्या नेमक्या कोठे आहेत हे कळायला मार्ग नसल्याने शल्यविशारद अंदाजाने जखम चाचपत. या शोधाशोधीत स्नायू फाटत, रक्तस्राव वाढत असे. जखम चिघळली की हात किंवा पाय कापण्याखेरीज उपाय उरत नसे. क्ष-किरणांनी हे लोखंड क्षणात दिसले असते. मात्र अशी यंत्रे मोठ्या शहरांतील मोजक्या रुग्णालयांत होती आणि जखमी सैनिक आघाडीजवळच्या शाळांत, चर्चमध्ये व वाड्यांत पडून होते. त्यांपैकी अनेक ठिकाणी वीजही नव्हती.

जखमी यंत्रापर्यंत पोहोचू शकत नसेल, तर यंत्रानेच जखमीपर्यंत जायला हवे, असे मेरी यांनी ठरवले. साध्या मोटारीत क्ष-किरण यंत्र, छायाचित्रणाचे साहित्य आणि वीजनिर्मितीसाठी डायनामो बसवायचा. मोटारीच्या इंजिनावर डायनामो फिरवला की वीज तयार. फ्रान्समधील एका महिला संघटनेने पहिल्या गाडीचा खर्च उचलला. नंतरच्या गाड्यांसाठी मेरी यांनी श्रीमंत स्त्रियांच्या घरचे उंबरे झिजवले. लष्करी नोकरशाहीने अनेक अडथळे आणले, पण त्या मागे हटल्या नाहीत. रेड क्रॉसच्या क्ष-किरण विभागाच्या संचालकपदी त्यांची नियुक्ती झाली. त्यांनी सुमारे वीस गाड्या सज्ज केल्या. सैनिकांनी या गाड्यांना प्रेमाने छोट्या क्युरी हे नाव दिले. याखेरीज सुमारे २०० रुग्णालयांत त्यांनी कायमस्वरूपी क्ष-किरण खोल्या उभ्या केल्या. या सर्व केंद्रांमधून दहा लाखांहून अधिक जखमींची तपासणी झाली, असे मानले जाते.

दोन नोबेल पारितोषिके मिळवलेल्या या स्त्रीला क्ष-किरणांच्या वैद्यकीय वापराचा प्रत्यक्ष अनुभव नव्हता. तो त्यांनी डॉक्टरांकडून शिकून घेतला. शरीररचनाशास्त्राची पुस्तके वाचली. १९१६ मध्ये मोटार चालवण्याचा परवाना काढला. चाक बदलणे, कार्ब्युरेटर साफ करणे ही कामेही त्या स्वतः करू लागल्या. एकदा त्यांची गाडी रस्त्याकडेच्या चरात उलटली आणि यंत्रांच्या पेट्या अंगावर कोसळून त्या जखमी झाल्या. घरी त्यांनी याची वाच्यता केली नाही.

अंधाऱ्या खोलीतील तास

आघाडीवरून निरोप आला की रेड क्रॉसचे चिन्ह असलेली त्यांची करडी रेनॉ गाडी निघे. रुग्णालयात पोहोचताच यंत्र उतरवले जाई, डायनामोपासून खोलीपर्यंत केबल ओढली जाई आणि खिडक्यांना काळे पडदे लावले जात. अर्ध्या तासात खोली तयार होई. मग मेरी आणि शल्यविशारद अंधारात शिरत आणि एकामागून एक स्ट्रेचर आत येऊ लागत. हे काम कधी काही तास, तर कधी काही दिवस चालत असे.

कामाच्या दोन पद्धती होत्या. पहिलीत काचेवर छायाचित्र घेतले जाई. नळी किंचित सरकवून दुसरे छायाचित्र घेतले की दोन्हींतील सावलीच्या अंतरावरून गोळी किती खोल आहे याचे भूमितीने गणित मांडता येई. दुसरी पद्धत तातडीची होती. रुग्णाच्या खाली किंवा मागे नळी आणि वर किरणांनी उजळणारा पडदा ठेवून क्ष-किरण सतत चालू ठेवायचे. पडद्यावर हाडांच्या सावल्या दिसत, त्यांच्यामध्ये गोळीचा काळा ठिपका दिसे आणि शल्यविशारदाच्या चिमट्याची सावलीही दिसे. ती सावली त्या ठिपक्याकडे सरकताना पाहत शल्यविशारद लोखंड बाहेर काढत असे.

आज जगभरातील रुग्णालयांत प्रतिमेच्या मार्गदर्शनाखाली ज्या शस्त्रक्रिया होतात, त्यांचे हे आरंभीचे रूप होय. आजच्या अशा शस्त्रक्रियांशी जोडलेला प्रश्नही त्या खोलीत हजर होता. छायाचित्र काढताना किरण काही क्षण चालतात. पडद्यावर पाहत शस्त्रक्रिया करताना ते मिनिटामागून मिनिटे चालू राहतात. रुग्णाच्या त्वचेवर ते थेट पडतात. त्याच्या शरीरावर आदळून ते चहूकडे विखुरतात आणि शेजारी उभ्या असलेल्यांच्या अंगावर येतात. त्या काळच्या नळ्यांना आजच्यासारखे शिशाचे बंदिस्त आवरण नसल्याने नळीतूनही किरण सर्व दिशांना निसटत. संरक्षण म्हणून काही धातूचे पडदे आणि हातमोजे असत.

या दोन भोगांमध्ये एक महत्त्वाचा फरक होता. जखमी सैनिकाला हा मारा बहुधा एकदा किंवा दोनदा सोसावा लागे आणि त्याच्या बदल्यात त्याचा पाय किंवा प्राण वाचत असे. यंत्र चालवणारी स्त्री मात्र पुढच्या स्ट्रेचरसाठी आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावासाठी तेथेच उभी राहत असे. रुग्णागणिक थोडे थोडे करून तिच्या शरीरात साठत जाणाऱ्या या माऱ्याचा हिशेब ठेवणारे कोणी नव्हते. किरणांच्या मात्रेचे सर्वमान्य एककही तेव्हा अस्तित्वात नव्हते.

इरीन आणि दीडशे मुली

गाड्या आणि यंत्रे मिळाली, पण ती चालवणारी माणसे अपुरी पडू लागली. तेव्हा मेरी यांनी १९१६ पासून मुलींसाठी क्ष-किरण तंत्राचे वर्ग सुरू केले. वीज, क्ष-किरण आणि शरीररचना यांचे धडे देऊन युद्ध संपेपर्यंत सुमारे १५० मुली त्यांनी तयार केल्या. त्यांत वेगवेगळ्या थरांतील, वेगवेगळ्या शिक्षणाच्या स्त्रिया होत्या. फ्रान्समध्ये क्ष-किरण तंत्रज्ञ हा स्त्रियांचा व्यवसाय म्हणून रुजण्याची ही सुरुवात होती.

त्यांच्या पहिल्या साहाय्यकांत त्यांची थोरली कन्या इरीन होती. १ नोव्हेंबर १९१४ रोजी मायलेकी पहिल्यांदा आघाडीकडे निघाल्या, तेव्हा इरीन सतरा वर्षांची होती. पुढच्या वर्षी बेल्जियममधील होखस्टाडे येथील लष्करी रुग्णालयाचे क्ष-किरण केंद्र तिने एकटीने सांभाळले. अठरावा वाढदिवस तिचा तेथेच झाला. गोळीची खोली भूमितीने काढता येते, यावर तेथील लष्करी डॉक्टरांचा विश्वास बसेना. कोवळ्या वयाच्या या मुलीने ते त्यांना करून दाखवले. आई आपल्या मुलीला ज्या कामाला लावत होती, त्यातील जोखीम तिने ओळखली असेल काय, हा प्रश्न आजच्या वाचकाला पडल्यावाचून राहत नाही. क्ष-किरणांनी जखमा होतात हे मेरी जाणून होत्या. मात्र त्वचेवर काहीच दिसत नसतानाही रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेवर आघात होत राहतो, याची पुरती जाण तेव्हा फार थोड्यांना होती. शिवाय बाहेर स्ट्रेचरची रांग लागलेली असे.

याच काळात मेरी आणखी एक काम करत होत्या. रेडियममधून सतत बाहेर पडणारा किरणोत्सारी वायू त्या ठरावीक दिवसांनी गोळा करत, बारीक काचनळ्यांत बंद करत आणि जखमा व व्रणांच्या उपचारासाठी रुग्णालयांना पाठवत. त्यांच्या आजाराचा दोष केवळ क्ष-किरणांच्या माथी मारता येत नाही, तो यामुळे. त्यांच्यावर दोन्ही दिशांनी मारा होत होता.

हिशेबाची वर्षे

युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मेरी यांनी युद्धातील क्ष-किरणविद्येवर पुस्तक लिहिले. त्यात या विद्येने वाचवलेल्या जिवांचे आणि अवयवांचे समाधान आहे, स्वतःच्या कष्टांचा मात्र फारसा उल्लेख नाही. त्याच वर्षी अमेरिकेतील स्त्रियांनी वर्गणी काढून घेतलेले एक ग्रॅम रेडियम राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या हस्ते व्हाइट हाऊसमध्ये त्यांना देण्यात आले. जगभर गौरव होत असताना त्यांचे शरीर थकत चालले होते. कानांत आवाज येत. दृष्टी अधू होत होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. १९२३ पासून त्यांच्या डोळ्यांवर चार शस्त्रक्रिया झाल्या. बातमी फुटू नये म्हणून त्या खोट्या नावाने रुग्णालयात दाखल झाल्या होत्या. हस्ताक्षर मोठे झाले आणि उपकरणांच्या तबकड्यांवर रंगीत खुणा आल्या, परंतु त्यांनी काम थांबवले नाही.

किरणांच्या धोक्याविषयी त्यांची वागणूक दुहेरी होती. आपल्या संस्थेतील विद्यार्थ्यांनी किरणोत्सारी नळ्या चिमट्यानेच उचलाव्यात, शिशाच्या आडोशामागून काम करावे, वेळोवेळी रक्त तपासून घ्यावे, असा त्यांचा कटाक्ष असे. स्वतः मात्र त्या हे नियम क्वचितच पाळत. त्यांच्या रक्तातील दोष तपासणीत उघड झाला होता, तरी मोकळ्या हवेतील विश्रांतीने तो भरून येईल अशी त्यांची समजूत होती. ज्या रेडियमला आपण जन्म दिला ते माणसाच्या जिवावर उठू शकते, हे मान्य करणे त्यांना जड गेले असावे.

वैद्यकविश्व मात्र जागे होऊ लागले होते. १९२८ मध्ये स्टॉकहोम येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत क्ष-किरण व रेडियमपासून संरक्षणासाठी एक समिती नेमण्यात आली. क्ष-किरणांच्या मात्रेसाठी रोंटजेन हे एककही तेथेच स्वीकारले गेले. अंधाऱ्या खोलीतील त्या तासांचे मोजमाप करण्याची भाषा जगाला सापडली ती अशी, युद्ध संपल्यावर दहा वर्षांनी. पुढे या समितीचे रूपांतर आजच्या आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगात झाले.

१९३४ च्या मे महिन्यात मेरी तापाने अंथरुणाला खिळल्या. क्षयाचा संशय घेऊन त्यांना आल्प्सच्या पायथ्याजवळील सान्सेलमोझ आरोग्यधामात नेण्यात आले. तेथे रक्त तपासल्यावर खरा आजार कळला. त्यांच्या अस्थिमज्जेने रक्त तयार करणे जवळपास थांबवले होते. ४ जुलै १९३४ रोजी पहाटे, वयाच्या ६६ व्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. धाकटी कन्या इव्ह त्यांच्या जवळ होती. दीर्घकाळ किरणोत्सर्ग सोसल्याने अस्थिमज्जा निकामी झाली असावी, असा डॉक्टरांचा अभिप्राय पडला. इरीन यांनाही पुढे १९३५ मध्ये पती फ्रेदेरिक यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. १९५६ मध्ये, ५८ व्या वर्षी, त्या रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पोलोनियमचे काम आणि युद्धातील क्ष-किरण या दोहोंचा वारसा त्यांच्याही शरीरात होता.

कॅथ लॅबमधील वारसा

मादाम क्युरी यांच्या अंधाऱ्या खोलीचा आजचा अवतार म्हणजे हृदयरोग विभागातील कॅथ लॅब आणि अस्थिरोग शस्त्रक्रियागृहातील सी-आर्म. मनगटातून किंवा जांघेतून घातलेली नळी हृदयापर्यंत पोहोचवताना, मेंदूतील रक्ताची गुठळी काढताना, मोडलेल्या हाडात खिळा बसवताना डॉक्टर पडद्यावरील हलती प्रतिमाच पाहत असतात. यंत्रे आमूलाग्र सुधारली, परंतु किरणांचा स्वभाव बदललेला नाही. आजही कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या किरणोत्सर्गाचा मुख्य उगम रुग्णाच्या शरीरावरून विखुरणारे किरण हाच असतो.

रुग्णाच्या बाजूचा हिशेबही जाणून घेण्यासारखा आहे. छातीच्या साध्या एक्स-रेमध्ये सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट इतकी मात्रा मिळते, तर अँजिओप्लास्टीत ती सरासरी १५ मिलिसिव्हर्टच्या आसपास जाते. गुंतागुंतीच्या आणि लांबलेल्या प्रक्रियांत त्वचेच्या एकाच भागावर सतत किरण पडून भाजल्यासारख्या जखमा झाल्याची उदाहरणे आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९४ मध्येच याबाबत डॉक्टरांना सावध केले होते. अशा जखमा अनेकदा काही आठवड्यांनी दिसू लागतात आणि त्यांचा संबंध त्या शस्त्रक्रियेशी जोडलाच जात नाही. तरीही हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला या प्रक्रियेपासून होणारा लाभ धोक्याच्या कितीतरी पट अधिक असतो. प्रक्रिया टाळणे हा यावरचा उपाय नव्हे. किरण गरजेपुरतेच सोडणे, कोन बदलत राहणे आणि मात्रेची नोंद रुग्णाच्या कागदपत्रांत ठेवणे हा खरा उपाय आहे.

कर्मचाऱ्यांसाठी तीन साधे नियम आहेत: वेळ कमी करा, अंतर वाढवा, आडोसा घ्या. अंतर दुप्पट केले की किरणांची तीव्रता साधारण एक चतुर्थांश होते. शिशाचा एप्रन, गळ्यातील थायरॉइड कॉलर, शिशाच्या काचांचा चष्मा आणि छतावरून टांगलेला पारदर्शक पडदा ही आजची कवचकुंडले आहेत. यांतील चष्म्याचे महत्त्व अलीकडे अधिक प्रकर्षाने कळले. कॅथ लॅबमधील डॉक्टर व परिचारिकांच्या डोळ्यांत मोतीबिंदूच्या प्रारंभिक खुणा इतरांपेक्षा अधिक आढळू लागल्या. त्यामुळे आंतरराष्ट्रीय आयोगाने २०११ मध्ये नेत्रभिंगासाठीची वार्षिक मर्यादा १५० मिलिसिव्हर्टवरून पाच वर्षांच्या सरासरीने २० मिलिसिव्हर्टवर आणली. खोट्या नावाने डोळ्यांची शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या मेरी क्युरी यांची येथे आठवण होते.

भारतात या क्षेत्राचे नियमन मुंबईत मुख्यालय असलेले अणुऊर्जा नियामक मंडळ करते. किरणांच्या सान्निध्यात काम करणाऱ्या व्यक्तीला पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक मात्रा मिळू नये, अशी त्याची मर्यादा आहे. त्यासाठी प्रत्येकाने छातीवर, एप्रनच्या आत, टीएलडी बॅज लावायचा असतो आणि तो ठरावीक मुदतीने तपासणीला पाठवायचा असतो. हा बॅज खुंटीला टांगलेल्या एप्रनवरच राहिला किंवा टेबलाच्या खणात पडून राहिला, तर मर्यादा केवळ कागदावर उरते.

उरलेला माग

मादाम क्युरी यांच्या वह्या आजही किरणोत्सारी आहेत. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात त्या शिशाच्या पेट्यांत ठेवाव्या लागतात. रेडियम आपला माग शतकानुशतके सोडत नाही. क्ष-किरणांचे तसे नसते. यंत्राची कळ बंद केली की ते संपतात. अंगावर, कपड्यांवर, वहीत किंवा शवपेटीत त्यांचा कोणताही अंश उरत नाही, उरतो तो केवळ पेशींना झालेला घाव. म्हणूनच युद्धातील चार वर्षांत मेरी क्युरी यांनी नेमके किती सोसले, हे १९९५ मधील कोणत्याही उपकरणाला थेट मोजता आले नाही. रेडियम कमी आढळले म्हणून उरलेला दोष क्ष-किरणांकडे जातो, एवढेच तज्ज्ञांना सांगता आले. त्यांनी तयार केलेल्या दीडशे मुलींबाबत तर असा तर्क करण्याइतकेही काही हाती नाही.

२० एप्रिल १९९५ रोजी फ्रान्स आणि पोलंडच्या राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत मेरी क्युरी यांना पॅन्थेऑनमध्ये स्थान मिळाले. स्वतःच्या कर्तृत्वावर हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. क्ष-किरणांचा हिशेब ज्या त्या वेळीच ठेवावा लागतो, नंतर तो कोणालाच मांडता येत नाही, हे त्यांच्या आयुष्याच्या उत्तरार्धाने दाखवून दिले. कॅथ लॅबमध्ये पाऊल ठेवण्यापूर्वी छातीवर लावलेला लहानसा बॅज हा हिशेब ठेवत असतो. मेरी क्युरी यांच्यापाशी तो नव्हता.